ठकीचं पथ्य

कुत्र्याचं काय हो, दगड टाकला तरी पचवतं, असं जे कोणी म्हणतात त्यांनी ठकीला पाहिलेलं नाही. दगड राहू द्या, ठकीला साधं दूध पचायचं नाही. अंडं नाही, पाव नाही, आणि बिस्किटाचं तर नावच काढू नका. बाजारात मिळतं ते कुत्र्यांचं तयार खाणं एकदा मोठ्या हौसेनं आणलं, तर घरात न धुतलेली अशी एक सतरंजी उरली नाही. मऊ भात, बिनमिठाची उकडलेली कोंबडी आणि त्यावर लाल भोपळ्याचा गर, एवढंच काय ते तिच्या पोटाला मानवायचं. तेही गरम नको, गार नको, कोमट हवं. जावयाचे लाड परवडले, पण हिचे नकोत.

आणि हे सगळं करणारा माणूस कोण? तर ज्यांना जन्मात स्वतःचा चहा उतू न घालवता करता आला नाही, ते बाइंडरकाका.

काका पुस्तकं बांधायचे. रस्त्याच्या अंगाला दुकान, दुकानाच्या पाठीमागे पडदा आणि पडद्याच्या आत घर. घर म्हणजे एक खोली, मोरी आणि स्वयंपाकाचा ओटा. दुकानात एक लोखंडी दाबयंत्र, कागद कापायचं जुनं मशीन, पुठ्ठ्यांचे गठ्ठे, कापडाचे तागे आणि कोपऱ्यात स्टोव्हवर खळीचं पातेलं. कॉलेजच्या ग्रंथालयातून वर्षभराची मासिकं यायची, कचेऱ्यांमधून जाडजूड दप्तरं यायची, कधी कुणाच्या आजोबांचं पानं सुटलेलं पुस्तक यायचं. काका ती शिवायचे, पाठीला खळ लावायचे, पुठ्ठा चढवायचे आणि दाबयंत्रात आवळून ठेवायचे. "काका, एवढी पुस्तकं हाताखालून जातात, वाचता की नाही?" असं कुणी विचारलं की म्हणायचे, "न्हावी डोकं धरतो, पण डोक्यात काय चाललंय ते विचारतो का?"

बोलायला एवढंच. माणूस तसा घुमाच. घरातलं बोलणं काकूंच्या वाटणीचं आणि ते त्या दोघांच्या वाट्याचं बोलायच्या. चपला बाहेर काढा. डगला बाहेरच ठेवा, त्याला कागदाची भुकटी असते. आधी हात धुवा, कोपरापर्यंत, साबण लावून, नुसतं पाणी फिरवू नका. जेवताना मान वर करा. लेक लग्न होऊन दूर गेली तेव्हा काकूंना बोलायला माणूस कमी पडायला लागलं, आणि एक दिवस त्या बाजारातून पिशवीत कांदे-बटाट्यांबरोबर एक पिल्लू घेऊन आल्या. तपकिरी, कान पडलेले, आणि शेपटी अशी की कुणी घाईत चिकटवून दिल्यासारखी. तीच ठकी.

काकांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "पडद्याच्या अलीकडे हिनं यायचं नाही. पानांना केस चिकटतात." ठकी जणू ते समजली. ती कधी दुकानात आली नाही, आणि काका आत आले की लांब जाऊन बसायची. काकूंचं एक बुटकं स्टूल होतं ओट्यापाशी, भाजी निवडायला बसायचं. त्याच्याखाली ती. काकांनी हाक मारली तर एक डोळा उघडायचा, कोण ते बघायचं, आणि मिटायचा. "माझ्याच घरात मला ओळख दाखवावी लागते," काका म्हणायचे. काकू हसायच्या.

मग काकू गेल्या. फार दिवस अंथरुणाला खिळल्या वगैरे काही नाही, तापाचं निमित्त झालं आणि संपलं. लेक आली, राहिली, कपाट आवरलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "बाबा, दुकान बंद करा आणि माझ्याकडे चला."

"आणि ठकीचं काय?"

"आमच्या इमारतीत कुत्री चालत नाहीत हो बाबा. कुणालातरी देऊन टाकू."

"तिचं पोट नाजूक आहे. कोण करणार एवढं?"

लेकीनं वडिलांकडे पाहिलं. हे कुत्र्याबद्दल बोलतायत की स्वतःबद्दल, ते तिला कळेना, आणि खरं सांगायचं तर काकांनाही कळत नव्हतं. ती गेली. दर रविवारी फोन करायची ती करायची, बिचारी.

काकांनी स्वयंपाक शिकायला घेतला तो असा ठकीपायी. पहिला भात झाला त्यानं पुठ्ठे चिकटले असते. दुसरा करपला. भोपळा चिरताना वाटलं, यापेक्षा कातडी पाठीची पोथी बांधणं सोपं. ठकी वाडग्याजवळ यायची, हुंगायची, आणि काकांकडे अशी बघायची की बापरे! मग स्टुलाखाली जाऊन हनुवटी फरशीवर टेकायची. काकू येतील म्हणून वाट बघत बसायची. काकांना वाटायचं, हिला निदान वाट तरी बघता येते.

स्वतःसाठी वेगळं कोण करत बसणार? काकाही तेच खायला लागले. आळणी भात, आळणी कोंबडी. दोघं एकाच खोलीत, एकमेकांकडे पाठ करून, एकच जेवण जेवायची.

आणि एका संध्याकाळी काय झालं, काका दुकान बंद करून आत आले आणि खुर्चीत बसले. हात धुवायचे राहिले, आठवण करायला होतं कोण? हात खुर्चीच्या दांडीवरून खाली लोंबत होता. डोळा लागतो न लागतो तोच बोटांना काहीतरी ओलं, ऊबदार लागलं. ठकी उभी होती. आधी बोटांची टोकं चाटली, मग तळवा, मग मनगट. इतकं मन लावून की काकांनी श्वास रोखून धरला, न जाणो हललो तर जाईल. ती बराच वेळ चाटत राहिली. मग तिथंच, काकांच्या पायाशी, धप्पकन बसली.

काकांच्या डोळ्यांना धार लागली. काकू गेल्यापासून त्यांना कुणी हात लावलेला नव्हता. गिऱ्हाइकं पुस्तकं ठेवायची, पुस्तकं न्यायची. हाताला हात कशाला लागतोय! "म्हणजे पटलो बुवा एकदाचा," ते ठकीला म्हणाले. तिनं शेपटी आपटली.

तेव्हापासून ती रीतच पडली. दिवस कलायला लागला की काकांचं कामात लक्ष लागायचं नाही. खळीचा ब्रश ठेवायचा, पातेल्यावर झाकण घालायचं, फळी ओढायची आणि तडक आत. खुर्चीत बसायचं, हात सोडायचा. ठकी यायचीच. मग काका तिच्याशी बोलायचे. जन्मभर जे काकूंना ऐकवलं नाही ते या कुत्रीला ऐकवायचे: आज ग्रंथालयाचा माणूस काय म्हणाला, कुठल्या पुस्तकाला वाळवी लागलेली होती, कॉलेजच्या जिन्यावरून उतरताना गुडघा कसा कुरकुरला. तिची जीभ चालू, यांचीही चालू. दिवसातली तेवढीच काय ती वेळ काकांना आपण घरी आलोय असं वाटायचं.

आणि नेमकं तेव्हाच ठकीचं पोट बिघडायला लागलं.

आधी एखाद-दुसरी उलटी. मग जुलाब. मग भातावरची वासनाच उडाली. काकांनी भात आणखी मऊ केला, कोंबडीची कातडी काढली, भोपळा गाळून घेतला. पाणी उकळून गार करून दिलं. वाडगा रोज राखेनं घासायला लागले. काही उपयोग नाही. तिच्या फासळ्या दिसायला लागल्या. उचलली की हलकी लागायची, आणि तो हलकेपणा काकांच्या काळजात रुतायचा.

जनावरांची डॉक्टरीणबाई तरुण होती, पण घाई करणारी नव्हती. तिनं रक्त तपासलं, पोट दाबून बघितलं, काय काय देता ते विचारलं. काकांनी धडा म्हटल्यासारखं सगळं सांगितलं.

"एवढं तर माणसांचंही कुणी करत नाही, काका," ती म्हणाली. "खाण्यात मला काही चूक दिसत नाही. घरातलं माणूस गेलं की जनावरंही आतून खचतात. पण हिला गव्हाचं मात्र अजिबात सोसत नाही, हे लक्षात ठेवा. पाव, बिस्किट, मैद्याचं काही, कणभरसुद्धा नको. आणि बाहेरचं कुणी लाडानं काही घालतंय का, तेवढं बघा."

कुणी घालतंय का! काकांच्या डोक्यात उजेड पडला. घालणारा एकच होता.

शेजारी सायकलवाल्याचं दुकान. हा गडी पंक्चर काढता काढता सगळ्या जगाच्या उचापती सांगणारा. काकू गेल्यावर तो रोज दुपारी काकांच्या पायरीवर येऊन बसायचा. काकांनी चहा करायचा, त्यानं खिशातून बिस्किटाचा पुडा काढायचा, आणि काकांनी गप्प बसून त्याचं ऐकायचं. मधेच तो पडद्याकडे तोंड करून ओरडायचा, "काय ठकूबाई, बरं आहे ना?" आत शेपटी फरशीवर आपटल्याचा आवाज यायचा. काकूंनंतर त्या पायरीवर बसणारं दुसरं माणूस नव्हतं.

त्या दुपारी काकांनी चहा ठेवलाच नाही. म्हणाले, "बिस्किटं तूच घालतोस ना तिला?"

"कुणाला? ठकीला? आईशप्पत नाही, काका. काकूंनी केव्हाच दम दिलेला मला."

"शपथा नकोत. मी मशीनवर पाठमोरा असतो आणि पडदा तुझ्या हाताशी असतो. हाडं वर आलीत तिची. तुला तो खेळ वाटतो."

"अहो पण काका..."

"तुझं जे काय चहापाणी असेल ते यापुढं तुझ्या पायरीवर कर."

सायकलवाला उठला. पुडा तसाच खिशात घातला आणि गेला. काकांनी त्या दिवसापासून पुढचं दार लोटून घ्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला टकटक करावी लागायची.

आता योगायोग बघा कसा असतो. त्याच आठवड्यात काकांचं चित्त ठिकाणावर नसताना कापायच्या मशीनखाली अंगठा गेला. तुटला नाही, नशीब, पण टाके पडले आणि उजव्या हाताला भलंमोठं बँडेज आलं. दुकान बंद. काका दिवसभर आत, डाव्या हातानं भात ढवळत बसलेले. आणि ठकी सुधारायला लागली! आधी उलटी थांबली. मग एके सकाळी मागच्या अंगणात तिचं काम इतकं व्यवस्थित झालं की काका त्याकडे कौतुकानं बघतच उभे राहिले. समोरून जाणाऱ्या बाईनं नाक मुरडलं, मुरडू दे. वाडगा चाटून-पुसून रिकामा व्हायला लागला. लेकीचा फोन आला तेव्हा काकांनी अंगठ्याचं सांगितलंच नाही, हेच सांगितलं.

"बघितलंस? तो सायकलवालाच होता. दार लावलं आणि बरी झाली."

एकच गोष्ट टोचत होती. ठकी आता संध्याकाळी येऊन थांबत नव्हती. काका खुर्चीत बसायचे, डावा हात सोडायचे. ती यायची, बँडेजकडे बघायची, डावा हात हुंगायची आणि परत फिरायची. काकांनी स्वतःची समजूत घातली की औषधाचा वास आवडत नसेल. जनावर ते. बँडेज निघालं की येईल.

आलीच. टाके निघाले, काकांनी साचलेलं काम उपसायला घेतलं, ताजी खळ शिजवली, आणि त्याच संध्याकाळी ठकी धावत आली आणि हात मनगटापर्यंत चाटून काढला. काकांना स्वर्ग दोन बोटं उरला. "रुसली होतीस होय गं?" ते म्हणत होते. "मला वाटलं, विसरलीस."

चार दिवसांत ठकी पुन्हा पडली, आणि या वेळी अशी पडली की उठेना. ओकारीत रक्ताचा रंग दिसला. दार तर बंद होतं. सायकलवाला तिकडे फिरकलाही नव्हता. काकांनी तिला डगल्यात गुंडाळलं, छातीशी धरलं आणि दवाखाना गाठला. रस्ताभर ते एकच पुटपुटत होते, "तू नको गं जाऊस. तू तरी नको."

डॉक्टरीणबाईनं तिला स्टीलच्या टेबलावर घेतलं, पायाला सुई लावली, सलाईन चालू केलं. तोंड गंभीर. "काका, खरं सांगते. असंच चालू राहिलं तर मला फार काही करता येणार नाही. शरीरात काहीच उरलेलं नाहीये. आठवून सांगा, काय गेलंय पोटात?"

"भात," काका म्हणाले. "भात, कोंबडी, भोपळा. देवाशप्पथ दुसरं काही नाही. मी स्वतः तेच खातो हो!"

ते ठकीचं डोकं धरून उभे होते. त्या अर्धमेल्या जिवानं मान जराशी वळवली, आणि अंगाखालच्या डगल्याच्या बाहीची कड चाटायला लागली. डोळे मिटलेले, पण जीभ चालूच. डॉक्टरीणबाई बघत होती. मग तिनं पुढं होऊन बाही धरली. कडेला पांढरट, कडक पापुद्रा धरला होता. तिनं नखानं खरवडला.

"हे काय आहे?"

"ते होय? खळ आहे. पुस्तकं चिकटवायची. कामाचा डगला आहे ना..."

"कशाची करता?"

"मैद्याची," काका म्हणाले. आणि तोंड उघडं ते उघडंच राहिलं.

"आणि हात? हातालाही असते?"

"असतेच. दिवसभर हातानंच..." त्यांनी आपला हात उलटा-पालटा करून पाहिला, जणू तो दुसऱ्या कुणाचा होता. "संध्याकाळी चाटते ती. रोज. मला वाटलं... माया करते."

डॉक्टरीणबाईनं बाही ठकीच्या तोंडापासून दूर केली. मग हळूच विचारलं, "नुसता मैदा असतो की आणखी काही घालता?"

"मोरचूद. चिमूटभर. पुस्तकाला कीड लागू नये म्हणून. आमच्या उस्तादांपासूनची रीत आहे."

"अहो काका!" ती स्टुलावर बसलीच. "मैदा हिला चालत नाही, आणि मोरचूद तर कुणालाच चालत नाही."

काखेत कळसा आणि गावाला वळसा! जगातलं सगळं अन्न गाळून, निवडून, चाखून दिलं, आणि विष रोज स्वतःच्या हातानं भरवलं. काका भिंतीला टेकले. म्हणाले, "आमची ही हात धुतल्याशिवाय आत येऊ द्यायची नाही. कोपरापर्यंत. मला वाटायचं, सोवळं आहे तिचं. तिला माहीत असेल का हो हे?"

ज्यांना विचारायचं त्या आता कुठं होत्या?

ठकी वाचली. दवाखान्यात राहिली, सलाईनवर राहिली, मग एका दुपारी स्वतःच्या पायांनी चालत घरी आली आणि थेट काकूंच्या स्टुलाखाली जाऊन बसली. काकांनी मोरचूदाची बाटली लांब नेऊन टाकली होती. डगला दुकानातच खिळ्यावर. मोरीत नवा साबण. त्या संध्याकाळी त्यांनी नखांत ब्रश घालून कोपरापर्यंत हात धुतले, असे की काकूंनीही मान डोलावली असती, आणि खुर्चीत येऊन बसले. हात खाली सोडला.

ठकी आली. बोटं हुंगली. तळवा हुंगला. एकदा, अगदी एकदाच, जीभ लावून बघितली. आणि वळली. स्टुलाखाली जाऊन तिनं हनुवटी फरशीवर टेकवली.

काका हात तसाच ठेवून बसले. म्हटलं, येईल. नाही आली. तेव्हा कुठं त्यांना सगळं लख्ख दिसलं. ती त्यांच्याकडे कधी आलीच नव्हती. ती खळीकडे येत होती. त्यांनी तिला सांगितलेल्या सगळ्या गोष्टी, गुडघा, वाळवी, ग्रंथालयाचा माणूस, हे तिनं मैद्यासाठी ऐकून घेतलं होतं. काकांना त्या क्षणी जितकं एकटं वाटलं तितकं काकू गेल्या त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घर निदान माणसांनी भरलेलं होतं.

माणसाचं मन किती वाईट असतं ते काकांना त्यानंतर कळलं. ते उठले, पडदा सारला, दुकानात गेले. खळीचं पातेलं तिथंच होतं. त्यात आता मोरचूद नव्हता, नुसता मैदा. बोटाचं एक टोक बुडवलं तर काय होईल? कणभर. एवढ्याशानं काय मरते ती? काका झाकणावर हात ठेवून उभे राहिले. फार वेळ उभे राहिले. मग परत आले आणि धुतलेले हात पुन्हा धुतले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुढचं दार उघडं टाकलं आणि सायकलवाल्याकडे गेले. तो चाक उलटं टांगून फिरवत होता. वर बघेना.

"चूक झाली माझी," काका म्हणाले. त्यांना असलं बोलायची सवय नव्हती, त्यामुळे ते जरा मोठ्यानंच बोलले. "तू नव्हतास. माझ्याच हाताची खळ चाटत होती ती."

सायकलवाल्यानं चाक थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. मोरचूदाचं ऐकून "अरे देवा" म्हणाला. मग फडक्याला हात पुसत म्हणाला, "म्हणजे ती तुमच्याकडे खळीसाठी येत होती तर."

"हो."

"मग त्यात काय एवढं? मी पण चहासाठीच यायचो."

तो हसत होता की टोमणा मारत होता, ते काकांना कळलं नाही. ते म्हणाले, "ये ना मग आज. ठेवतो चहा."

"आज नको, काका. गिऱ्हाईक आहे."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. उलटं टांगलेलं ते एक चाक, तेवढंच. काका मान हलवून परत आले. भलत्याला सुळावर चढवलं की तो खाली उतरायला वेळ घेणारच, हे त्यांना पटत होतं. त्यांनी सवयीनं दोघांचा चहा ठेवला, आणि दोघांचा पिऊन टाकला.

रविवारी लेकीचा फोन आला. "बरी आहे का हो ती?"

"एकदम ठणठणीत. वाडगा चाटून-पुसून रिकामा करते."

"मग तुमचा आवाज असा का येतोय?"

"अंगठा दुखतो जरा," काका म्हणाले.

"कशानं? काय झालं अंगठ्याला?"

"काही नाही गं. जुनं आहे."

ठकी खरोखरच ठणठणीत झाली. अंग धरलं, केसांना तकाकी आली, आणि भात शिजायला लागला की ओट्यापाशी येऊन उभी राहायला लागली. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, एकदम वाडगाभर देऊ नका, पोट अजून कच्चं आहे, थोडं थोडं द्या.

एका संध्याकाळी काकांनी वाडगा भरला, कोमट झालाय का ते बोटानं पाहिलं, आणि तो नेहमीच्या जागी ठेवायच्या ऐवजी घेऊन खाली फरशीवर बसले. गुडघ्यांनी तक्रार केली. केली तर केली. मग स्वच्छ धुतलेल्या तळव्यावर चिमूटभर भात घेतला आणि हात पुढं केला.

ठकी जरा घुटमळली. मग आली. भात खाल्ला, तळवा चाटला, बोटांच्या बेचक्या चाटल्या, अजून काही आहे का ते हुंगलं. नव्हतं. ती वळून स्टुलाखाली गेली. काकांनी पुन्हा चिमूटभर घेतला.

"ये गं. अजून आहे."

ती आली. तीच ऊबदार, खरखरीत जीभ, तळव्यावरून मनगटाकडे. भातासाठी होती, काकांना पक्कं माहीत होतं. ती गेली. काकांनी आणखी घेतला, आधीपेक्षाही कमी, चार शितं. ती परत आली. डॉक्टरीणबाईनं थोडं थोडं द्यायला सांगितलं होतं, आणि काका फार थोडं थोडं देत होते.